सिस्टरबाईंची बिननावाची वही

सौंसर-पांढुर्णा भागात आमच्या जुन्या दवाखान्याचा विषय निघाला, की अजूनही एखादा म्हातारा सांगतो, "तिथं एक सिस्टर होती, जराशी चक्रम. किल्ली सोताच्या टेबलात विसरली अन् औषधाचं कपाट फोडलं तिनं. काढून टाकलं मग तिले." हे मी निदान दहा वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी हातातल्या चहाकडे पाहत गप्प बसलो आहे. त्यात खरं एवढंच, की त्या चक्रम होत्या. किल्ली त्या विसरल्या नव्हत्या. ती माझ्या खिशात होती, आणि त्यांच्या टेबलात मीच ती नेऊन ठेवली.

हे सुरुवातीलाच लिहून टाकलं. शेवटासाठी राखून ठेवलं असतं तर तिथपर्यंत पोचेस्तोवर माझी हिंमत पुन्हा गेली असती.

दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा होता. सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या रस्त्यावर, मागे संत्र्याची बाग, पुढे कापसाची वावरं. वीस खाटा, एक डॉक्टर, दोन सिस्टर, तीन आया आणि मी कंपाउंडर. आज त्या जागी लग्नाचं लॉन आहे. ऐंशीच्या दशकात तिथं सिस्टरबाई आल्या, तेव्हा मी पस्तिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, आणि आपल्याला सगळं येतं असं समजणारा माणूस होतो.

त्या मूळच्या नरखेडकडच्या, बौद्ध घरातल्या. उंच, सडसडीत. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला तबकडी करून बांधलेलं. दुपारचा डबा उभ्यानेच खायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "बसलं की उठायचा आळस येते." धम्मचक्र दिनाला नागपूरला जाण्यापुरती त्यांची सुट्टी, एरवी वर्षभर हजर.

आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे ड्यूटी केली, पण उरलेल्या वेळात व्हरांड्यात स्टुलावर बसून नुसतं पाहत राहिल्या. कोण कुठून कुठं जातो, किती वेळा जातो. मध्येच उठून आमच्या मागून पावलं मोजत चालायच्या. मोठी आया, जिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "भाऊ, ही बाई सीआयडीची तर नाई ना?"

आठवड्यानंतर त्यांनी मला बोलावलं. विषारी आणि महागडी इंजेक्शनं ज्या कपाटात असायची, त्याला दोन कुलपं होती. पूर्वी एकदा चोरी झाली होती, म्हणून ट्रस्टचा हुकूम: डाव्या कुलपाची किल्ली कंपाउंडरकडे, उजव्याची सिस्टरकडे, दोघं मिळाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. प्रत्यक्षात माझी किल्ली कपाटाशेजारच्या कॅलेंडरमागे खिळ्याला टांगलेली असायची. हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. बहुतेक चोरालाही माहीत असावं.

बाईंनी कॅलेंडर उचललं. मी मनातल्या मनात सबबी जुळवू लागलो.

"किल्ली इथं काहून टांगता, भाऊ?"

"दर वेळी मला औषधाच्या खिडकीवरून इथवर यावं लागते, बाई. गर्दी टाकून."

"बासष्ट पावलं," त्या म्हणाल्या. "जाऊन-येऊन सव्वाशे. दिवसातून पंधरा वेळा. मीही टांगली असती."

मी बोलणी खायला उभा होतो आणि त्या मावशीला हाका मारत होत्या. दुपारी आम्ही चौघांनी मिळून ते कपाट ढकलत माझ्या खिडकीशेजारी आणलं. त्या दिवसापासून किल्ली माझ्या कमरेला राहू लागली. कोणी रागावलं नाही, कोणी नोटीस लावली नाही. "माणूस बेइमान नव्हता, कपाट दूर होतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि खिळा उपटून खिडकीबाहेर फेकून दिला.

डॉक्टरसाहेबांशी त्यांचं रोज वाजायचं. साहेब माणूस चांगला, पण घाईचा. दारातूनच औषधं सांगत पुढच्या खोलीत निघून जायचा. बाई त्यांच्या मागे जाऊन ऐकलेलं सगळं मोठ्याने परत म्हणून दाखवायच्या. औषध, किती, कोणाला, किती वाजता.

"मी बोललो ते ऐकू आलं ना तुम्हाला?" साहेब वैतागून म्हणाले.

"आलं, साहेब. तुम्ही बोलले तेच आलं का, ते पाहून राहिली."

साहेब नाकातून श्वास सोडून "हो, तेच" म्हणायचे. महिन्यातून एखाद वेळी ते थबकायचे आणि हळूच म्हणायचे, "नाही नाही, अर्धी गोळी." तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव कधीच नसायचा. याचंच मला जास्त नवल वाटायचं.

एकदा उन्हाळ्यात साहेब सात नंबरच्या खाटेजवळ उभे राहून इंजेक्शन सांगत होते. मावशी फरशी पुसत होती. ती फडकं हातात धरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. शेवटी म्हणाली, "साहेब, हा सातवाला नाही जी. पंख्याखाली झोपाले भेटते म्हणून यानं अन् नऊवाल्यानं सकाळीच खाटा बदलल्या."

साहेबांनी कागद पाहिला, पेशंट पाहिला. "तू फरशी पूस," असं ते म्हणणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही इकडे या," आणि स्वतःची खुर्ची तिच्यापुढे सरकवली. सगळ्या वॉर्डापुढे, साहेब उभे असताना, मावशी त्या खुर्चीवर अर्ध्या मिनिटासाठी अवघडून बसली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे खाटेच्या नंबरावर काही द्यायचं बंद झालं. पेशंटला त्याचं नाव विचारायचं, त्याच्याच तोंडून ऐकायचं, मग सुई. साहेबसुद्धा मावशीला कधीमधी विचारू लागले, "काय मावशी, आज कोणी पंखा बदलला काय?"

पण बाईंचा खरा चक्रमपणा म्हणजे शनिवार. बाहेरचे पेशंट संपले की त्या सगळ्यांना व्हरांड्यात बसवायच्या. प्रत्येकाने आठवड्यात केलेली एक चूक सांगायची. पहिली त्यांची स्वतःची. त्या ती एका शाळकरी वहीत लिहायच्या, पण नाव लिहायच्या नाहीत. "एकाने दोन सारख्या बाटल्यांवर लेबलं उलटी लावली. कारण: दोन्ही बाटल्या एकाच फळीवर, उजेड मागून." तो एक मी होतो. कारणाखाली उपाय. दुसऱ्या दिवशी एक बाटली दुसऱ्या फळीवर गेलेली असायची.

पहिले तीन शनिवार त्यांच्याशिवाय कोणी तोंड उघडलं नाही. चौथ्या शनिवारी मी उघडलं. का, ते आजही सांगता येणार नाही. माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "माफी नको, भाऊ. किती वाजता झालं ते सांगा."

त्यांचं म्हणणं असं, की माणूस चुकणारच, तो दमतो, घाईत असतो, त्याच्या घरी पोर तापलेलं असते. "चूक कोणी केली हे विचारलं का माणूस लपते. कोणत्या रस्त्यानं आली हे विचारलं का तोच रस्ता दाखवते."

आता किल्लीचं. किल्ली कमरेला आली, तर प्रश्न आला की ज्याला सुट्टी आहे त्याने ती कशी द्यायची. बाईंनी पद्धत घातली. देणाऱ्याने समोर उभं राहून म्हणायचं, "ही डाव्या कुलपाची किल्ली, मी देऊन राहिलो." घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं, कुलूप एकदा उघडून पाहायचं, आतल्या डब्या मोजायच्या, दोघांनी रजिस्टरवर सही करायची. यात पंधरा मिनिटं जायची. "बाई त किल्लीचं लग्नच लावून राहिली," मावशी म्हणायची, "फक्त अक्षता राहिल्या."

त्याच कपाटात फवारणीच्या विषावरचं इंजेक्शन असायचं. आमच्या भागात कापसावर फवारे मारायच्या दिवसांत विष चढलेले मजूर दवाखान्यात आणले जायचे. तोंडाला फेस, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्यांना ते इंजेक्शन लगोलग, एकामागून एक द्यावं लागतं. बाईंनी ट्रस्टला दोनदा लिहून दिलं होतं, की निदान हंगामापुरतं ते कुलपाबाहेर ठेवू द्या. "विष वावराच्या झोपडीत उघडं अन् उतारा दोन कुलपांत," असं त्या अध्यक्षांच्या तोंडावर बोलल्या. ट्रस्टच्या मंडळींना ते रुचलं नाही. उलट विचारणारी, शिकलेली, त्यातही बौद्ध बाई त्यांना पहिल्यापासून जड जात होती. हेही लिहायला हवं. पुढे माझं खोटं इतक्या सहज खपलं ते काय नुसतं माझ्या तोंडामुळे नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, आणि सगळा मुलूख ते पाहायला लोटतो. माझी सासुरवाडी पांढुर्ण्याची. मेव्हण्याच्या गच्चीवरून सगळं दिसायचं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. किल्ली बाईंना द्यायची होती, पण त्या आत एका बाळंतपणात होत्या. रस्त्यावर बस येऊन उभी राहिली, कंडक्टर ओळखीचा, तो हाका मारत होता. आता थांबायचं, मग किल्लीचं लग्न लावायचं, म्हणजे पुढची बस, आणि पुढच्या बशीत पाय ठेवायला जागा नसणार. सणाचा दिवस, वावरात कोण जाते, असं मनाशी म्हणालो. मावशी गरम पाणी घेऊन धावत चालली होती. तिला ओरडून सांगितलं, "बाईले सांगा, मी संध्याकाळी येतो." आणि किल्ली खिशात टाकून बशीत चढलो.

पण दोन दिवस उघाड मिळाली होती, आणि एका मालकाने सणाच्या दिवशीही फवारणी लावली होती. दुपारी बैलगाडीतून एका मजुराला आणलं. सोबत त्याची बायको, ती रडतही नव्हती, नुसती त्याचं तोंड पदराने पुसत होती. पुढचं मला नंतर कळलं. बाईंनी उजवं कुलूप उघडलं, डाव्यासाठी मावशीला हाक मारली, तिने माझा निरोप सांगितला. बाईंनी एकच विचारलं, "किल्लीचं काही बोलले?" "नाई." त्यांनी माझी खोली पाहिली, टेबलं पाहिली, स्वतःचा खण टेबलावर उलटा केला. मग ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला आणि तीन घावांत कुलूप कडीसकट पाडलं. साहेब येईपर्यंत पहिली दोन इंजेक्शनं गेली होती. तो माणूस वाचला. तिसऱ्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालत घरी गेला.

मी संध्याकाळी आलो तेव्हा कपाटाचं दार लोंबत होतं. बाई वॉर्डात त्या मजुराच्या उशाशी होत्या, घड्याळाकडे पाहत त्याची नाडी मोजत होत्या. मी दारात क्षणभर उभा राहिलो. त्या वेळी आत जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? शनिवारी वहीत एक ओळ वाढली असती. पण मला कपाटाचं ते दार दिसत होतं, आणि ट्रस्टचे अध्यक्ष, आणि नोकरी. मी बाईंच्या खोलीत गेलो, टेबलाचा खण उघडला, किल्ली आत ठेवली, खण लावला. एवढं सगळं करायला मला दहा सेकंदही लागले नसतील.

सकाळी ती तिथं सापडली.

चार दिवसांनी चौकशी झाली. ट्रस्टचे तिघं, साहेब, आणि आम्ही सगळे भिंतीला लागून. मला विचारलं. मी म्हणालो, "जाताना बाईंकडे ठेवून गेलो होतो."

"सही कुठे आहे?"

"घाईत राहिली."

अध्यक्ष बाईंकडे वळले. "काय बाई, हे खरं आहे?"

"किल्ली माझ्याकडे नव्हती."

"तुमच्याच खणात निघाली."

"त्या दुपारी खण मी उलटा केला होता. नव्हती."

"मग कोणाकडे होती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कोसळलो असतो, आणि मला वाटतं, म्हणूनच त्यांनी पाहिलं नाही. "ते मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "आमच्या इथं चूक का झाली ते सांगतात, नाव सांगत नाहीत."

त्यांनी वही मागवून घेतली. शेवटच्या पानावर होतं: "डाव्या कुलपाची किल्ली जागेवर नव्हती. कारण: किल्ली देण्याची पद्धत पंधरा मिनिटांची, बस पाच मिनिटांत. पद्धत मी घातलेली. उपाय: पद्धत लहान करावी, हंगामात इंजेक्शन बाहेर ठेवावं." एका मेंबरने ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, "घ्या, कबूलच करून राहिली." महिनाअखेर त्यांना जायला सांगितलं. इंजेक्शन मात्र त्याच आठवड्यात कुलपाबाहेर आलं. ट्रस्टने तो आपला निर्णय म्हणून भिंतीवर लावला.

त्या तिगावला स्टेशनजवळ खोली घेऊन राहिल्या. इंजेक्शनं देणं, बाळंतपणं करणं, असं त्यांचं चाललं होतं. तीन महिन्यांनी मी गेलो. दारातच म्हणालो, "बाई, किल्ली माझ्या खिशात होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी खिडकीतून तुम्हाला बशीत चढताना पाहिलं होतं. या, बसा."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर पुढच्या शनिवारी कोणी बोललं असतं काय?"

मी खाली पाहून सांगितलं, की तुम्ही गेल्यापासून शनिवार झालेलाच नाही. त्या उठून दाराशी गेल्या, स्टेशनातून जाणाऱ्या मालगाडीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तुम्ही सुरू करा. मला सांगून काय होते? तिथं जे काम करून राहिले त्यांना सांगा."

मी अर्धंच ऐकलं. शनिवार सुरू केला. दवाखाना बंद पडेपर्यंत, चौदा-पंधरा वर्षं, दर शनिवारी मी व्हरांड्यात आधी स्वतःची चूक सांगायचो, मग इतरांना विचारायचो. माझ्याकडे सांगायला चुकांचा तोटा नव्हता. ती एक सोडून सगळ्या सांगितल्या. त्या शनिवारांमुळे किती जणांना उलटं औषध जाता जाता राहिलं, ते त्या वह्यांत आहे. पुढे मी सौंसरला औषधांच्या दुकानात बसलो, तिथंही गिऱ्हाइकाकडून गोळीची वेळ वदवून घेतल्याशिवाय पुडी सोडली नाही. लोक हसायचे. आयुष्यात मी जे काही नीट केलं, ते त्या बाईने शिकवलेलं आहे. मी तिला दिलं काय, तर बदनामी. तरी तिची आठवण आली की मला आधी लाज वाटत नाही, आधी बरं वाटतं. हे कसं, ते मला कळत नाही, पण तसं आहे, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्याचं कळलं. शनिवारी बसणाऱ्यांपैकी आता मी आणि मावशी, एवढेच उरलो. मावशी मोहगावला लेकाकडे असते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, डोळ्यांनी कमी दिसतं, कान शाबूत. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. अंगणात ती शेंगा सोलत बसली होती.

"कोण व्हय? कंपाउंडर भाऊ? जित्ते हा अजून?"

मी बसलो आणि सगळं सांगितलं. गोटमार, बस, खिसा, खण, चौकशी. ती शेंगा सोलायची थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी त्या घ्यायलाच आलो होतो. ती माझ्या दिशेने वळून म्हणाली, "तुमी जातानी मले काय म्हनलं होतं?"

"संध्याकाळी येतो, एवढंच बाईंना सांगायला सांगितलं."

"किल्लीचं नाई म्हनलं?"

"नाही, मावशी."

"पक्कं?"

"पक्कं. एक शब्द नाही."

तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. हळूहळू सांगू लागली. चौकशीत मी 'किल्ली ठेवून गेलो' म्हणालो तेव्हा तिला वाटलं होतं, की एवढा शिकलेला माणूस कशाला खोटं बोलेल. आपणच त्या दिवशी गरम पाणी घेऊन पळत होतो. भाऊने ओरडून सांगितलं असेल, किल्ली खणात ठेवली म्हणून, आणि आपणच अर्धा निरोप विसरलो. खण उलटा केल्याचं बाई म्हणाल्या, पण मावशी तेव्हा पेशंटजवळ होती, तिने पाहिलं नव्हतं. बाईची नोकरी आपल्या विसरण्याने गेली, हे तिने कोणालाच सांगितलं नाही. शनिवारीही नाही. माझ्यासमोर बसून, माझ्यासारखीच, ती तेवढी एक चूक गाळत राहिली होती. आणि ती तिची नव्हतीच.

माफी मागायला तोंड उघडलं, तर तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती भिंतीला धरून उठली आणि घराकडे तोंड करून सुनेला हाक मारू लागली.

"अव, ऐकलं का? बाहीर ये. आमच्या दवाखान्यातले भाऊ आले. ते काय म्हनते ते आयक. मी नव्हती विसरली व! मी काईच नव्हती विसरली!"